चांदरीचा पान्हा

कावेरीला म्हशीखाली बसवेना झालं, तेव्हा कुठे तिने आपलं दुखणं कबूल केलं. त्याआधी वर्षभर पोटात काहीतरी वाढत होतं, पण भातकापणी, मग झोडणी, मग कुळीथ पेरणं अशा एकेका कामाच्या आड ती ते लपवत आली होती. आता उकिडवं बसून चरवी गुडघ्यांत धरली की पोटातून कळ यायची आणि डोळ्यांपुढे अंधारी. मालवणच्या डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं की गोळा आहे, मिरजेला जाऊन काढून घ्या, आणि नंतरही बरेच दिवस तिथंच राहायची तयारी ठेवा.

नवरा जयराम बोटीवर खलाशी. तो शिमग्याच्या आत काही येत नव्हता. घरात तीन मुलं. थोरली मथुरा बारा-तेराची, मधला सत्यवान चौथीतला, आणि शेंडेफळ बाबू, ज्याला अजून स्वतःच्या चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. शिवाय चांदरी म्हैस. तिचं दूध बंदरावरच्या हॉटेलात जाई आणि घरातलं मीठ, तेल, काडीपेटी त्या दुधावर चाले.

बातमी कळताच धाकटा दीर परशुराम कुडाळहून आला. त्याचं तिथे भुसारी दुकान होतं आणि कुठलाही प्रश्न तो पोत्यासारखा पटकन बांधून मोकळा व्हायचा.

"वैनी, मी सगळा ठरवलंय," ओसरीवर टेकतानाच तो म्हणाला. "मथुरा आमच्याकडे येतली. राधाबाईक हाताखाली कोणतरी होयाच आसा. बाबू तिच्यावांगडा. सत्यो शिरोड्याक आत्येकडे. म्हस इकून टाकूया."

"आणि मथुरेची शाळा?"

"चेडवाची शाळा मगे बघू गो. आधी जीव."

परशुराम वाईट माणूस नव्हता. तीन पोरं वाऱ्यावर सोडून भावजय मिरजेला जाणार, हे त्याला खरंच बघवत नव्हतं. पण जाऊ राधाबाई, तिच्या हाताखाली गेलेली मुलगी पुन्हा पाटीला हात लावत नाही, हे कावेरीला दिसत होतं. आणि एकदा तीन ठिकाणी गेलेली मुलं पुन्हा एका चुलीवर येतात की नाही, तेही कोणी सांगावं?

"पोरां हयच रवतली," ती म्हणाली. "रातची शेजारची अक्का येतली सोबतीक."

"अक्काक धड दिसता काय? आणि दूध कोण काढतलो? तुझी म्हस तुझ्याशिवाय कोणाक हात लावूक दिणा नाय."

"मथुरा काढतली."

परशुरामने पुतणीकडे पाहिलं. ती दारामागे उभी राहून परकराचा काठ पिळत होती. "बरां," तो म्हणाला. "गावपळणीक मी येतंयच. माझ्या डोळ्यांदेखत चेडवान दूध काढल्यान, तर पोरां हय रवांदेत. नाय तर गाव परत भरलो की मी तेंका घेवन जातलंय. मगे रडाचा नाय."

असं ते ठरलं. सगळा गाव घरं सोडून तीन दिवस वेशीबाहेर जातो, ती गावपळण पंधरवड्यावर आली होती.

शिकवायचं म्हणजे काय करायचं, हे कावेरीला माहीत नव्हतं. तिला कामं येत होती, आणि काम येणाऱ्या माणसाचा मोठा दोष असा की दुसऱ्याची धडपड त्याला बघवत नाही. सत्यवान चुलीपुढे बसला. झावळांची सुकी चुडती पेटवून फुंकणी फुंकता फुंकता त्याचं तोंड लाल झालं, घरभर धूर झाला. "सर, माका दी," म्हणत कावेरीने फुंकणी ओढली आणि दोन फुंकांत जाळ केला. मथुरेने विहिरीतली कळशी अर्ध्यावर आणली, रहाट अडला, की हिचा हात दोरावर गेलाच. बाबू नाडीशी झटत बसला की ही वाकून गाठ मारून मोकळी. संध्याकाळी पोरं ताजीतवानी आणि ही भिंतीला टेकून पोट दाबत बसलेली.

शेजारच्या पडवीतून अक्का हे सगळं ऐकत होती. तिला दिसायचं कमी, पण कान शाबूत होते.

"कावेरी, पोरांक शिकयतंस की तेंका तुझी कामां दाखयतंस?"

"तेंका जमणा नाय तर काय करू गो?"

"तुझे हात गप रवाक शिकव आधी."

कावेरीला राग आला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीसमोर पाट मांडून बसली आणि दोन्ही तळहात मांडीखाली घालून त्यांच्यावरच बसली. सत्यवानची पेज पहिल्या दिवशी कच्ची राहिली. सगळ्यांनी ती दाताखाली कचकच वाजवत खाल्ली. दुसऱ्या दिवशी करपली. तीही खाल्ली. शाळेत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. पोरांनी "रांदपी, रांदपी" म्हणून त्याला रडवला आणि तो दप्तर आपटत घरी आला.

"मी नाय आता पेज करूचंय. ती बायलांची कामां."

"तुझो बापूस बोटीर काय बाईल घेवन जाता?" कावेरी म्हणाली. "थंय तो स्वतःच्या हातान रांदता. त्या पोरांका सांग, येवा आमच्याकडे पेज जेवक."

त्याने खरंच सांगितलं. आले कोणी नाही, पण चिडवणं थांबलं.

राहिली मथुरा आणि म्हैस. हात बसायला वेळ लागला नाही. अंगठा कसा दुमडायचा, मूठ वरून खाली कशी आवळायची, हे मथुरेने चार दिवसांत उचललं. पण चांदरीला ते मान्य नव्हतं. पारडू लावलं की पान्हा यायचा, पारडू बाजूला घेऊन मथुरा खाली बसली की म्हैस मान वळवून बघायची, परकर-पोलकं दिसायचं, वास घ्यायची, आणि दूध वर चढवायची. कास भरलेली आणि सड कोरडे. कावेरी नुसती गोठ्याच्या दारात येऊन गुणगुणली, शब्द नसलेलं तिचं नेहमीचं काहीतरी, तरी दूध सुटायचं. मथुरेने तसं गुणगुणून पाहिलं, तर लाथ बसली.

उपाय अक्कानेच सांगितला. "आवशीचा लुगडा नेस. न धुतलेला."

बारा वर्षांच्या मुलीने नऊवारी नेसल्यावर जे व्हायचं ते झालं. बाबू तर हसून जमिनीवर लोळला. पण मथुरा तो बोंगा सावरत खाली बसली, चांदरीने पदर हुंगला, एक लांब श्वास सोडला, आणि चरवीत धार वाजली. मथुरेचं तोंड केवढं फुललं! कावेरीने तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

मग देवाचा कौल झाला, ढोल वाजला, आणि गाव गाव सोडून निघाला.

आमच्याकडे गावपळण म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. काही वर्षांनी एकदा सगळा गाव घरंदारं बंद करून वेशीबाहेर जातो, तीन दिवस. मागे चुलीत विस्तव राहता कामा नये, गोठ्यात जनावर नको, खुराड्यात कोंबडी नको. शाळेला कुलूप, देवळात शांतता. सावकार आणि त्याची कुळं एकाच माळावर झावळांच्या खोपी बांधतात, आणि सावकाराची खोप बहुधा आधी पडते. मुलांची तर चंगळच.

खाडीकाठच्या माळावर परशुराम आधीच येऊन उभा होता. पोरं खोप बांधायला लागली तशी त्याने बाह्या सरसावल्या.

"भावजी, रवांदे," कावेरी म्हणाली.

"अगो, वाकडी झाली ती."

"वाकडीत निजतली."

मेढी रोवायचं काम सत्यवानचं, झावळं बांधायचं मथुरेचं, आणि सुंभ तोडून द्यायचं बाबूचं. बाबूने तुकडे वीतभराचेच केले. तरी खोप उभी राहिली, एका अंगाला कललेली, आत चौघांना पुरेल एवढी. कावेरी दगडावर हातांवर हात ठेवून बसली होती. येणारे-जाणारे म्हणत होते, बघा, पोरांना राबवते आणि स्वतः राणीसारखी बसली आहे. तिने ते ऐकलं आणि गिळलं.

संध्याकाळी मथुरा लुगडं नेसून बसली. नव्या जागेने बिचकलेल्या चांदरीने एकदा फुरफुर केली, पदर हुंगला आणि दूध दिलं. परशुराम कमरेवर हात ठेवून बघत होता.

"ह्या तर आमच्या वैनीचा भूत!" तो हसला. फेस आलेली चरवी त्याने हातात घेऊन जोखली. "जमला म्हणाचा. रवांदेत पोरां हय."

मथुरा त्या बोंग्यासकट नाचली. सत्यवानने पेज ढवळायचा डाव हवेत फिरवला. झालं, सगळं सुटलं, असं सगळ्यांना वाटलं. कावेरीलाही वाटलं, रात्रीची जेवणं होईपर्यंत.

जेवणं झाल्यावर मथुरेने लुगड्याची घडी घातली आणि उशाशी ठेवली. कावेरीने ते सहज नाकाशी नेलं. त्यात तिचा वास होता, घामाचा, धुराचा, पेंडीचा. पण मथुरेचाही होता. रोज थोडा थोडा करून आईचा वास सरत जाणार. मग? ती तेव्हा मिरजेला खाटेवर असेल. एका सकाळी म्हैस मान वळवेल, हुंगेल, आणि दूध चढवील. त्या दिवशी या पोरीजवळ कोण असेल? आणि आपण परत आलोच नाही तर? हा विचार तिने पहिल्यांदाच पुरता केला, आणि तो केल्यावर तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लुगडं घेऊन ओढ्यावर गेली, सोडा घालून उकळलेलं पाणी त्यावर ओतलं आणि दगडावर आपटलं. प्रत्येक आपटीबरोबर पोटात कळ येत होती. तरी ती धूत राहिली, पाणी निवळ येईपर्यंत.

मथुरेने ते झुडपावर वाळत घातलेलं पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली.

"आये, ह्या काय केलंस?"

"धुतलंय."

"कित्या? आता चांदरी दूध देवची नाय. काका बघतलो! तुका म्हायत नाय?"

"म्हायत आसा. उद्या माझो वास सरतलो, मगे काय करशीत? आज आडलंस तर मी हय आसंय."

"तुका माका कुडाळाकच धाडूची आसा," मथुरा ओरडली. "म्हणान केलंस तू!"

आसपासच्या खोपींतून माणसं वळून बघू लागली. कावेरीने झुडपावरचं लुगडं उलटं करून घातलं. पोरीच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हणालो असतो.

संध्याकाळी व्हायचं तेच झालं. मथुरा ओलसर लुगडं नेसून बसली. सोड्याचा वास आला, चांदरीने मान झटकली आणि लाथ मारली. चरवी माळावरून गडगडत गेली आणि शेजारच्या खोपीतल्या बाईच्या पायाशी थांबली. बाई हसली. मथुरा पदरात अडखळून शेणात पडली, मग मात्र सगळेच हसले. कावेरीचे हात शिवशिवले. उठावं, पोरीला बाजूला करावं, दोन मिनिटांत चरवी भरावी. ती हातांवर बसली.

परशुरामने चरवी उचलून आणली. तो हसला नव्हता.

"वैनी, हसता घर कित्या मोडलंस, ता तुझा तुका म्हायत," तो हळूच म्हणाला. "पण आता माझा ठरला. कौल झालो की चेडू माझ्यावांगडा येतला."

पारडू सोडून कास हलकी केली. मथुरा जेवली नाही. लुगडं तिने आईच्या अंगावर टाकलं, आपलं विटकं परकर-पोलकं घातलं आणि घोंगडी घेऊन म्हशीजवळ जाऊन बसली. सकाळी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा कोरडं. मग तिने दावं सोडलं आणि चांदरीला खाडीकाठच्या गोड्या पाण्याच्या डबक्यावर नेलं. कोणालाही न सांगता. दिवसभर ती तिथेच होती. नारळाच्या काथ्याच्या किशीने तिने म्हैस घासली, कानामागच्या गोचिड्या काढल्या, आणि घासता घासता तिला शिव्या दिल्या. "तुका काय, आवसच होयी? माकाय होयी. तिका बरां नाय म्हटल्यार आपण काय करूचा?" सत्यवान पेजेचं भांडं घेऊन गेला होता, त्याने हे ऐकलं आणि येऊन आईला सांगितलं. कावेरीने तोंड दुसरीकडे वळवलं.

तिसरी संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी कौल व्हायचा होता. मथुरा चांदरीला घेऊन परत आली, चिखलाने माखलेली, दोघींना एकच वास येत होता. तिने आंबोण पुढे ठेवलं, पारडू लावलं, बाजूला बांधलं आणि खाली बसली. कावेरी मुद्दाम खोपीत गेली. तिला बघवणार नव्हतं, आणि आपण दिसलो तर म्हैस आपल्याचकडे बघणार.

आतून तिला फक्त ऐकू येत होतं. बराच वेळ काहीच आलं नाही. मग मथुरेचा आवाज आला, चिडका, हट्टाचा. ती गुणगुणत नव्हती. पाढे म्हणत होती.

"तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस."

का, ते तिलाच माहीत. कुडाळला गेल्यावर शाळा सुटणार, तर जे येतं ते तरी विसरू नये म्हणून असेल. नाहीतर रडू यायला नको म्हणून. तेराचा झाला, चौदाचा सुरू झाला. एका लयीत, एकेका आकड्यावर मूठ आवळत. पंधराच्या पाढ्यात कुठेतरी रिकाम्या चरवीत टणकन एक धार वाजली. मथुरा थांबली नाही. पुढची धार वाजली, मग पुढची, आणि मग दुधात दूध पडल्याचा जड आवाज येऊ लागला.

कावेरीने पदराचा बोळा तोंडात घातला आणि ती रडली. आनंदाने, आणि दुसऱ्याही कशाने तरी.

बाहेर सगळा माळ गोळा झाला होता. कोणी म्हणालं डबक्याच्या चिखलाचा गुण, कोणी म्हणालं देवाची कृपा, आणि शाळेचे मास्तर छाती फुगवून म्हणाले की पाढे मुळात त्यांनीच शिकवलेत. परशुरामने भरलेली चरवी बघितली आणि खिशातून तपकीर काढून उगाचच ओढली.

"मथुरे, सोळाचो येता मा तुका?"

"सतराचोय येता, काका."

"बरां तर," तो म्हणाला. "रवा हयच. बाजाराच्या दिवसाक मी फेरी मारतलंय."

गाव परत भरला. चुली पेटल्या, कोंबड्या आपापल्या अंगणात गेल्या, फक्त बाबूने आपली समजून एक दुसऱ्याचीच आणली होती. दोन दिवसांनी पहाटेच्या एसटीने निघायचं ठरलं. परशुराम ट्रंक न्यायला आला तेव्हा सत्यवानने पेजेचा डबा बांधून तयार ठेवला होता. बाबूची नाडी बांधलेली होती. गाठ भलत्याच ठिकाणी होती, पण बाबूचीच होती. अक्काने अंधारातच कावेरीच्या पाठीवरून हात फिरवला.

निघण्याआधी कावेरी गोठ्यात गेली. चांदरीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर तिने हात ठेवला. आज एकदाच आपण बसावं, असं तिच्या मनात आलं. शेवटचं म्हणून नव्हे, असंच. म्हशीने तिचा हात हुंगला, ओळखीने चाटला, आणि मग मान वळवून ती दाराकडे बघू लागली. दारातून मथुरा चरवी घेऊन येत होती.

कावेरीला ते लागलं. हेच तर तिला हवं होतं, यासाठीच तिने ते लुगडं आपटलं होतं, तरी लागलं. तिने हात काढून घेतला.

"मी थांब्यार येतंय, आये," मथुरा म्हणाली.

"नको. धारेची वेळ आसा. ती तुझी वाट बघता."

मथुरेने वाकून तिच्या पायांना हात लावला. मग म्हैस हंबरली तशी मथुरा खाली बसली.

परशुराम ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे, कावेरी मागे. माडांमधून वाट उतरत होती, अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मागून आवाज येत होता, दुधाचा आणि पोरीचा.

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक…"

आणि थांबला. धारही थांबली.

कावेरी वाटेवर उभी राहिली. पोटापाशी धरलेल्या तिच्या मुठी आवळल्या गेल्या. तिला पाढे येत नव्हते, पण अडल्याचा आवाज तिला कळत होता. परशुरामने वळून पाहिलं.

"काय विसरलंस, वैनी?"

मागे अक्काच्या कोंबड्याने बांग दिली. सत्यवानने आतून काहीतरी विचारलं आणि मथुरा त्याच्यावर खेकसली. मग पुन्हा चरवीत धार वाजली.

"सतरा एके सतरा," मथुरेने पहिल्यापासून सुरू केलं. "सतरा दुणे चौतीस."

"नाय," कावेरी म्हणाली. "कायेक नाय. चला, गाडी चुकात."